सात नंबरच्या खोलीत कुणी नाही

गुरुवार, ९ तारीख, सकाळ

माझं सगळं बदललं ते परवा मंगळवारी, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, चुन्याचं पिंप कलंडलं तेव्हा. कॉलेज सोडलं तेव्हा नाही. तू "आपण आता थांबू या" म्हणालीस तेव्हाही नाही. त्या दोन्ही वेळी मी भडकलेलो होतो, आणि भडकलेल्या माणसाला काही बदललं-बिदललं ते कळत नसतं. पण पिंप कलंडलं, तो पांढरा लगदा फरशीवरून सरकत तुझ्या चपलांपर्यंत आला आणि तू ओरडली नाहीस. खाली बसलीस आणि ओंजळीने तो परत भरायला लागलीस. तुझे उस्ताद वरून, परांचीवरून, ओरडले, "बाई, हात भाजतील!" तरी तू भरतच राहिलीस. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. तेव्हा कळलं.

माझा पाय लागला गं. एवढंच झालं. जागा अरुंद होती.

नंतर उस्तादांनी सांगितलं की तो चुना चार महिने पाण्याखाली मुरत होता, आणि घड्याळाच्या जुन्या मनोऱ्याचा शेवटचा गिलावा त्याच्यावरच अडला होता. मला खरंच माहीत नव्हतं. मला काय, पांढरं ते सगळं सारखंच.

मग तू गेटपर्यंत आलीस आणि जे बोललीस ते शब्दाला शब्द लक्षात आहे. "तुला काही सांगायचं असेल तर लिही. बोलताना तू ओरडतोस, आणि ओरडताना काय बोलतोस ते तुझं तुलाच ऐकू जात नाही. इथे कामावर पुन्हा पाऊल टाकायचं नाही. आम्ही अठरा तारखेला, शनिवारी, दोनच्या गाडीने पुढच्या कामावर जातोय, डोंगरात. दोन वर्षं. तोपर्यंत मला शांतपणे काम करू दे."

मी शब्द दिला. गेटच्या आत येणार नाही. फोन तू ब्लॉक केलायस, म्हणून लिहितोय.

तर लिहून सांगतो. शनिवारच्या आत एकदा ये. फक्त एकदा. तू सांगशील तेवढा वेळ मी गप्प बसेन. मनोऱ्याच्या मागे जी गल्ली आहे, तिथे निळ्या दाराचं गेस्टहाउस. दुसरा मजला, सात नंबर. मी दिवसभर खोलीतच असतो. कुठेही जात नाही. कधीही ये.

काडेपेटी
(तूच ठेवलेलं नाव. दुसरं काय लिहू?)


शनिवार, ११ तारीख, दुपार

काल सकाळी ते पत्र तुमच्या वॉचमनकडे दिलं. गेटच्या बाहेरूनच, हात लांब करून. त्याने पाकीट उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाला, "पुन्हा काही सांडणार नाही ना यातून?" मी हसलो. म्हणजे हसल्यासारखं केलं. पण देतो म्हणाला.

हे दुसरं पत्र लगेच देणार नाही. तू आलीस की हातात देईन.

खोलीबद्दल सांगतो. तुला आवडली असती. तुला म्हणजे तुझ्या डोळ्यांना, मला नाही. हे गेस्टहाउस म्हणजे कधीकाळचा कुणाचा तरी मोठा दिवाणखाना आहे. त्यात प्लायवूडच्या भिंती घालून सहा खोल्या काढल्यात, चार ते नऊ नंबरच्या; पहिल्या तीन खालच्या मजल्यावर. छताला मध्यभागी चुन्यात कोरलेलं एक मोठं फूल आहे, त्याच्या बरोबर मधून प्लायवूड गेलंय. अर्धं फूल माझ्याकडे आणि अर्धं शेजारी सहा नंबरमध्ये. तिथे चष्म्याच्या फ्रेमा विकणारे एक गृहस्थ राहतात. पन्नाशीचे असतील. पहिल्याच दिवशी माझं तोंड निरखून म्हणाले, "तुम्हाला गोल फ्रेम नको. आधीच घाबरल्यासारखे दिसता." सगळे त्यांना चष्मेवाले म्हणतात, मीही तेच म्हणतो.

गरम पाणी साडेसहा ते आठ. बाथरूम एक, माणसं नऊ. चादरीच्या कोपऱ्यात गेस्टहाउसचा शिक्का आहे, तो सकाळी गालावर उमटतो. कपडे पुढच्या खिडकीत वाळत घालायचे नाहीत, कारण खालून पर्यटक फोटो काढतात. खोली ज्याची त्याने झाडायची.

आणि माझ्या खिडकीतून, दोन छपरं ओलांडून, तुझी परांची दिसते. हिरव्या जाळीतून तुझं पिवळं हेल्मेट दिसतं. म्हणूनच ही खोली घेतली. आता हे लपवून काय करू?

पण इथे एक भानगड आहे. मालकीणबाईंना सगळे मावशी म्हणतात. त्या महिन्याच्या बोलीवर फक्त कामावर जाणाऱ्यांना खोली देतात. म्हणाल्या, "दिवसभर लोळणारं माणूस मला नको. एकदा ठेवलं होतं. दार फोडावं लागलं." मी पटकन म्हटलं, मोजणीच्या ऑफिसात लागलोय. तोंडातून निघून गेलं.

मग काय. खाली टेबलामागे एक फळी आहे, तिच्यावर नऊ खिळे. बाहेर जाताना किल्ली आपापल्या खिळ्याला लावायची, आलं की काढून घ्यायची. मावशी माणसं बघतच नाहीत, खिळे बघतात. किल्ली खिळ्यावर म्हणजे माणूस बाहेर. त्यामुळे मी रोज सकाळी नऊला दार नुसतं ओढून घेतो, खाली उतरतो, किल्ली लावतो, "येतो मावशी" म्हणतो, गल्लीला वळसा घालतो आणि मागच्या अंगणातून वर येतो. तिथे चादरी वाळत असतात, त्यांच्या आडून. खोलीत शिरतो आणि आतून कडी लावतो. सहाला तसाच उलटा प्रवास. अशी नोकरी चाललीय माझी, एकही रजा नाही.

आईला सांगितलंय की परीक्षेच्या अभ्यासाची सुट्टी आहे. बाबांना काही सांगायचा प्रश्नच नाही, ते बोलत नाहीत.

आज अकरा ते साडेअकरा तू परांचीवर नव्हतीस. कुठे होतीस?


मंगळवार, १४ तारीख

आलेली नाहीस. पत्र देऊन चार दिवस झाले.

आजही अकराला उतरलीस आणि पाऊण तास दिसली नाहीस. चहाची सुट्टी पाऊण तासाची कधीपासून झाली? तो लांब केसांचा, नकाशे घेऊन फिरणारा, तोही त्याच वेळी दिसत नव्हता. मी मोजतोय असं समजू नकोस. खिडकी आहे, माणूस बघणारच.

राग आला आणि उशी भिंतीवर फेकली. ती भिंत नाही, प्लायवूड आहे. पलीकडे चष्मेवाल्यांच्या फ्रेमा खणखणल्या. नशीब, ते फेरीवर गेले होते. निदान मला तसं वाटतं.

खाली दर अर्ध्या तासाने एक गाइड लोकांचा घोळका घेऊन येतो. हातात काठी, काठीला लाल फडकं. मनोऱ्याकडे दाखवून म्हणतो, "हे घड्याळ गेली दोन वर्षं बंद आहे. म्हणजे दिवसातून दोनदा तरी ते बरोबर असतं, तेवढं माझ्या बायकोला जमत नाही." लोक हसतात. दिवसातून अठरा वेळा तोच विनोद आणि अठरा वेळा तेच हसू. मला आता त्या माणसाची दया येते. नऊपासून बोलतो, दुपारी चारनंतर त्याचा आवाज फाटतो, तरी बायकोपाशी आला की जोर लावतोच.

मीही तसाच झालोय. रोज तेच. उभं राहायचं, बघायचं, अकराला हरवायचं, बाराला सापडायचं. पाय दुखतात. खरं सांगतो, प्रेमात एवढे पाय दुखतात हे कुणी सांगितलं नव्हतं.

तू म्हणायचीस, "तुला मी नको आहे, तुला मी 'हो' म्हणायला हवं आहे." तेव्हा किती भांडलो होतो मी. जर्नल फाडून सरांच्या टेबलावर टाकलं आणि तडक तुझ्याकडे आलो, ते तुला सिद्ध करून दाखवायला. बघ, तुझ्यासाठी काय सोडून आलो! आणि तू विचारलंस, "माझ्यासाठी? मला विचारलं होतंस?"




गुरुवार, १६ तारीख

परवा शनिवार. अजून आली नाहीस.

आजही अकराला उतरलीस. आज मात्र तो लांब केसांचा वरच होता, शिडीला टेकून केळं खात. म्हणजे त्याचा काही संबंध नाही. आता मला दुसरा कुणी सापडत नाही ज्याच्यावर चिडावं.

पत्र मिळालं नसेल का? वॉचमनला विचारायला गेलो होतो. म्हणाला, "त्याच दिवशी दिलं. बाईंनी उभ्याउभ्या वाचलं." उभ्याउभ्या. म्हणजे बसून वाचण्याइतकंही नव्हतं त्यात.

वाचलंस आणि आली नाहीस. तर मग हेच तुझं उत्तर. ठीक आहे.

ठीक नाही. पण आरडाओरडा करायला आज अंगात त्राण नाही. काल दुपारपासून ब्रेडवर आहे, खाली जेवायला गेलो तर मावशी म्हणतील ऑफिसातून एवढ्या लवकर कसा.


शुक्रवार, १७ तारीख, संध्याकाळ

तू आली होतीस.

सहाला 'ऑफिसातून' आलो. किल्ली काढायला हात लांब केला, तेवढ्यात मावशी म्हणाल्या, "अरे, ती पोरगी भेटली का तुला शेवटी?"

"कुठली पोरगी?"

"कोपरापर्यंत पांढरी. माझ्या पायऱ्यांवर पांढरे ठसे उमटवून गेली. तीनदा आली, तीनदा पुसले मी."

मी टेबल धरलं. "कधी आली?"

"गेल्या शनिवारी. मग मंगळवारी. आणि काल. अकराच्या सुमारास यायची. मी सांगितलं, बाई, दिवसा कुठला सापडायला? खिळा दाखवला तिला. म्हटलं, ही बघ किल्ली. सात नंबरच्या खोलीत कुणी नाही."

मी वर होतो. कडी लावून. तुला परांचीवर शोधत.

मला वाटलं होतं तू थेट वर येशील आणि दार वाजवशील. खाली टेबल आहे, टेबलामागे मावशी आहेत, मावशींमागे फळी आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पत्रात लिहून मोकळा झालो की दिवसभर खोलीतच आहे, आणि रोज सकाळी नऊला स्वतःच्या हाताने किल्ली खिळ्यावर लावून सांगत आलो की खोलीत कुणी नाही.

"मग मला का नाही सांगितलंत?" मी ओरडलोच बहुतेक, कारण जिन्यातला एक पाहुणा मागे वळला.

"आवाज खाली. गेस्टहाउस आहे हे. कोण कुणाला विचारत आलं ते सांगत बसले तर निम्मी गिऱ्हाइकं पळून जातील. शिवाय तिनेच बजावलं होतं, सांगू नका म्हणून. पण आठवडाभर तुझं हे तोंड बघतेय, राहवलं नाही."

"काय म्हणाली ती?"

मावशी चष्मा पुसायला लागल्या. त्यांना गोष्ट सांगायची असली की त्या चष्मा पुसतात. "पहिल्या दिवशी आली तेव्हा चेहरा बघवत नव्हता. मला विचारते, तो जेवतो का नीट? दिवसभर खोलीत पडून असतो ना? मी म्हटलं, पडून? अगं, नऊच्या ठोक्याला निघतो, सहाला येतो. मोजणीच्या ऑफिसात आहे. तिला खरं वाटेना. मंगळवारी परत आली, पाऊण तास बसून राहिली इथे या खुर्चीत. खिळ्याकडे बघत. काल म्हणाली, मावशी, खरंच रोज जातो? मी म्हटलं, त्याच्यावर घड्याळ लावावं. तेव्हा कुठे हसली. पाणी मागितलं, पेलाभर प्यायली, आणि म्हणाली, मग मला लिहिलं ते सगळं उगाच. मला वाईट वाटावं म्हणून. तसाच आहे तो. पण बरं झालं, मावशी. डोक्यावरचा धोंडा उतरला. मी आले होते ते त्याला सांगू नका, पुन्हा भडकेल."

मी धावत सुटलो. तुमच्या गेटपर्यंत. दिलेला शब्द वगैरे काही आठवत नव्हतं. तुला सांगायचं होतं की मी वर होतो, मी खोटं लिहिलं नव्हतं, खोटं मावशींना सांगितलं होतं, मी सात दिवस त्या खिडकीतून हललेलो नाही.

गेटसमोर लाल फडकेवाल्याचा शेवटचा घोळका उभा होता. मी त्यांच्या मागे थांबलो, वाट मिळेना म्हणून. आणि तू दिसलीस. गोणीवर बसून थाप्या धूत होतीस. उस्ताद काहीतरी म्हणाले, हातवारे करून, कुणाची तरी नक्कल असावी. आणि तू हसलीस. मान मागे टाकून, तोंड उघडं ठेवून, दात-बीत सगळे दाखवत.

तसं तू माझ्यासमोर किती दिवसांत हसलेली नाहीस, ते मी आठवायला लागलो. पहिल्या वर्षीच्या सहलीपर्यंत मागे गेलो.

गाइड म्हणाला, "दिवसातून दोनदा तरी बरोबर असतं." सगळे हसले. मी परत आलो.


शनिवार, १८ तारीख, दुपारी १२.४०

आज ऑफिसला सुट्टी आहे असं मावशींना सांगितलं. किल्ली खिळ्यावर नाही, माझ्याजवळ आहे. तू आलीस तर सापडेन. तू येणार नाहीस, हेही कळतंय.

दोनच्या गाडीला एक तास वीस मिनिटं आहेत. स्टँड इथून चालत बारा मिनिटं, पळत सहा.

मला यायचंय. हे आधी लिहून ठेवतो. मला इतकं यायचंय की दोनदा चपला घालून काढल्यात. तुला फक्त एक वाक्य सांगायचंय: मी वर होतो. बाकी काही नाही. थांब म्हणणार नाही, हो म्हण म्हणणार नाही.

पण हे एक वाक्य ऐकून तू काय करशील? गाडीची पायरी चढता चढता थांबशील. तुझ्या डोळ्यांसमोर कडी लावलेली खोली येईल, त्यात खिडकीशी उभा असलेला मी. तू विचारशील, जेवलास का. मग दोन वर्षं त्या डोंगरातल्या कामावर, दर अकराच्या चहाला, तुझ्या मनात येईल की हा आता कुठल्या खोलीत कडी लावून उभा असेल. तो धोंडा तू तीनदा पायऱ्या चढून, कशीबशी, परवा उतरवून गेलीस. आणि मी पळत येऊन तो पुन्हा चढवणार. का, तर मला खोटं ठरवलं गेलं हे सहन होत नाही म्हणून.

उस्तादांची माफी मागायची होती. तीही राहिली. आणि पाय लागला नव्हता. मी लाथ मारली होती. जागा भरपूर होती.

१.१५

फेऱ्या मारत होतो. चष्मेवाल्यांनी प्लायवूडवर टकटक केली. "अहो मोजणीवाले, बसा एका जागी. माझी फळी हलते, फ्रेमा पडतात."

"तुम्ही आज फेरीवर नाही?" मी विचारलं.

"मी आठवड्यातून तीनच दिवस जातो. बाकी इथेच असतो. तुमच्यासारखाच, फक्त राजरोस." मग म्हणाले, "पहिल्या दिवसापासून माहितीय मला. तुम्हाला अकराला खोकला येतो. मंगळवारी उशी आली, तेव्हा दोन फ्रेमा वाकल्या. म्हटलं असेल काही दुःख."

"मावशींना का नाही सांगितलंत?"

"माझं काय जातं? आणि ती पोरगी आली तेव्हा मी एकदा जिन्यातच होतो. सांगणार होतो तिला, की वर आहे तो. मग वाटलं, कडी लावून बसलाय तो कदाचित तिच्यापासूनच लपत असेल. कसं कळणार, सांगा?"

कसं कळणार. मी भिंतीला कपाळ टेकलं. म्हणजे प्लायवूडला.

"जायचं असेल तर जा," पलीकडून आवाज आला. "नसेल तर बसा. पण ठरवा. मला झोपायचंय."

बसलो. म्हणून पुन्हा लिहितोय. जोपर्यंत लिहितोय तोपर्यंत पाय इथे राहतील, एवढाच हिशेब आहे. त्यामुळे काहीही लिहितो, मनावर घेऊ नकोस. छतावरच्या फुलाला माझ्याकडे अकरा पाकळ्या आहेत, बारावी प्लायवूडमध्ये गेलीय. तुला एकदा बोटाने अशाच पाकळीतली भेग बुजवताना बघितलं होतं, जीभ दातांत धरून. तेव्हाच पडलो होतो मी प्रेमात. सांगितलं नव्हतं, कारण ऐकून तू म्हणाली असतीस, मग कामाच्या प्रेमात पड.

१.४६

आता निघालो तर चालतही पोचेन.

आयुष्यात जे मनात आलं ते मी त्या क्षणाला केलं. बाबांना बोललो, जर्नल फाडलं, पिंप पाडलं. प्रत्येक वेळी वाटलं, मी खरा आहे म्हणून हे करतोय. आज पहिल्यांदा मनात येतंय आणि करत नाहीये. मोठं काही वाटत नाही गं. त्यात शौर्य-बिर्य काही नाही. फक्त खूप दमल्यासारखं वाटतं, घाम आलाय, आणि टेबलाची कड हातात रुतलीय.

तू आतल्या जागेवर बसशील. उस्तादांना खिडकीची जागा देशील, त्यांना वळणांवर मळमळतं असं तूच म्हणाली होतीस.

१.५३. पळत सुटलो तरी आता एकच मिनिट उरेल. एका मिनिटात ते वाक्य सांगून होतं.

नाही.

२.०४

गेलीस.

उशिरा सुटते म्हणतात ही गाडी कधीकधी. तसं असलं तरी जाऊ दे.

आता तू दोन वर्षं असं समजशील की मी मोजणीच्या ऑफिसात आहे, नऊला निघतो, सहाला येतो आणि तुला छळायला रडकी पत्रं लिहितो. थोडा लबाड, थोडा नाटकी, पण पोट भरून जेवणारा. तुझ्यासाठी तोच बरा आहे. त्याची काळजी करावी लागत नाही. मला मात्र त्याचा हेवा वाटतो.

हे पत्र तुला मिळणार नाही. आधीची चारही नाही. आईला फोन करायचाय आणि सुट्टी वगैरे काही नाही हे सांगायचंय. ती रडेल, मग बाबांच्या हातात फोन देईल, आणि ते बोलणार नाहीत, पण फोन ठेवणारही नाहीत. मला माहीत आहे ते. तेवढा वेळ मीही धरून ठेवेन.

खिडकीतून बघितलं. जाळी उतरवायला दोन माणसं चढलीयत. तुमच्यातली नाहीत.

चष्मेवाले घोरतायत. मावशी खालून विचारतायत, "अरे, आहेस का वर?" या वेळी खिळ्याला विचारावं लागलं नाही, मीच उत्तर दिलं, "आहे, मावशी, आलो खाली." म्हणाल्या, "जेवून घे, गार होतंय." भूक लागलीय. लाज वाटते, पण लागलीय.

कागद घडी घालून खिशात ठेवतो. चपला घालतो. खिडकी लावली. आता बाहेर पडतो आणि दार ओढून घेतो.